नारोपंतांची चाल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ही भीती आता एकट्याने पेलवत नाही.

मी बहरीनमध्ये एका बांधकाम कंपनीत इंजिनीयर आहे, आणि इथल्या मराठी मंडळाचा पेटीवाला. पेटी बरी वाजवतो. बरी म्हणजे — लोकांनी टाळ्या वाजवाव्यात इतकी, जाणकाराने गप्प बसावं इतकी. हे मला तेव्हाही माहीत होतं.

शिवरामकाका इथेच, बहरीनमधल्या जिदहफ्स गावात, मुलाकडे राहतात. मूळचे तंजावरचे. त्यांचे पूर्वज नारोपंत अठराव्या शतकात तिथल्या मराठी राजाच्या दरबारी गाणी रचत. राजाने पदाचे शब्द धाडायचे, नारोपंतांनी चाल लावायची. पण दरबारातले गवई आपल्या चाली बिघडवतात म्हणून म्हातारपणी चिडून त्यांनी घरात नियम घातला — चाल घरातल्या एकालाच शिकवायची, गळ्यातून गळ्यात, कागदावर नाही. शब्दांचं बाड उरलं, चाली एकेक करून गेल्या. शेवटची एक काकांकडे होती. मुलगा शिकला नाही, नात जान्हवी लहान. तेव्हा काकांनी नियम मोडला आणि मला म्हणाले, "तू लिहून घे रे बाबा."

रेकॉर्ड करूया, असं मी म्हटलं असतं तर? त्यांनी कदाचित होही म्हटलं असतं. पण मला स्वरलेखन करणारा म्हणून मिरवायचं होतं.

चार शुक्रवार दार लावून बसलो; नियमामुळे घरातल्या कुणीही ती चाल कधी ऐकलेली नव्हती. ती दक्षिणेकडची चाल — स्वर हलत, घसरत जायचा, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी उभा राहायचा. मला सापडेना. जमत नाही — हे दोन शब्द म्हणायला माझं काय जात होतं? चौथ्या शुक्रवारी मी वही मिटली आणि म्हणालो, झालं काका, सगळं उतरलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वहीत फक्त शब्द होते.

पुढच्याच महिन्यात त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली.

मंडळाच्या कार्यक्रमात जान्हवीने ते पद म्हणावं, असं घरी ठरलं. सून मला म्हणाली, "तुमच्या वहीत आहे म्हणून बरं, नाहीतर खलासच होतं सगळं." मी दोन दिवसांत एक चाल बांधली. माझी. गोड, सोपी, पेटीवर बसणारी. जान्हवीने ती म्हटली, लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर काका डावा हात हलवत होते — नाही, नाही, नाही. सगळे म्हणाले, बघा, ताल देतायत.

इथवर तुम्ही याला भित्रेपणा म्हणाल. पण एवढंच सांगायला मी बसलेलो नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं गेलेली माणसं कधीकधी गाऊ शकतात, त्यांच्यासमोर गात राहा. आणि घरच्यांनी मलाच विनवलं — दर शुक्रवारी येऊन पेटी वाजवाल का?

एकदा सून खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, दूध आणायला गेली होती. जान्हवी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी पेटीची झाकणं काढत होतो, आणि काका गायले. आवाज घोगरा, तुटका — पण तीच चाल. घसरणारा स्वर बरोबर जागेवर. पहिली ओळ पूर्ण, माझ्याकडे बघत. दोनशेहून जास्त वर्षं जपलेली. माझ्या खिशात फोन होता.

मी भाता ओढला आणि माझी चाल वाजवायला लागलो. जोरात. ते थांबले, पुन्हा सुरू झाले — मी आणखी जोरात. किती वेळ? माहीत नाही. शेवटी त्यांचा आवाज माझ्या चालीवर आला. जान्हवी धावत बाहेर आली, "ओ माय गॉड, आजोबा इज सिंगिंग!" — ती रडली, मीही रडलो, आणि कोणी काही विचारलं नाही.

आता ते माझीच चाल म्हणतात. अधूनमधून मध्येच थांबतात, कपाळाला आठी घालून काहीतरी शोधतात, आणि मी भाता जोरात ओढतो. मी एकही शुक्रवार चुकवत नाही, याचं त्या घरात केवढं कौतुक आहे. खरी चाल अजून त्यांच्यात उरली आहे का, हे कळायला पेटी बंद ठेवून त्यांच्यासमोर नुसतं गप्प बसावं लागेल.

मी गप्प बसत नाही. दार उघडलं की चपला काढतो आणि आधी पेटी सुरू करतो.