बोरन्हाणातला मोबाइल

माझी मुलगी उशिरा बोलली, याचा दोष मी कित्येक वर्षं बायकोवर ढकलला. चूक माझी होती.

परवा देवासच्या बाजारात पिकल्या बोरांचा वास आला आणि रेवाचं बोरन्हाण आठवलं. दोन वर्षांची होती. काळं झबलं, हलव्याचे दागिने. कंपनीतून आल्यावर झोप मिळावी म्हणून मी रोजच तिला मोबाइल देत असे. त्या दिवशी फोटो काढताना ती शांत बसावी म्हणून दिला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतले, शेजारची पोरं ओरडत तुटून पडली. रेवानं मानही वर केली नाही. चुरमुरे तिच्या केसांत तसेच अडकून राहिले.

"भिया, बच्ची बड़ी सीधी है!" शेजारी म्हणाले. मी फुशारलो.

"अहो, हाक मारली तरी ती बघत नाही," सुनीता हळूच म्हणाली.

"तुला पोरीचं कौतुकच नाही," मी तिला सगळ्यांसमोर झापलं. पुढे डॉक्टरांकडे खेटे घालताना, "तू तिच्याशी बोलतच नाहीस," हेही सुनावलं.

रेवा आता दहा वर्षांची आहे. अजून अडखळते, मुलांत खेळायला जात नाही.

बाजारातून रिकाम्या हातानं घरी आलो. सुनीता कणीक मळत होती.

"मोबाइल मी देत होतो," मी म्हणालो. "तू सांगत होतीस, आणि मी तुलाच दोष दिला. मला माफ कर."