कुलूप लावून दिलेलं दूध

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं अन् पाण्याची लई बोंब होती. कोणत्या गल्लीत टँकर धाडायचा ते बघणारे एक कारकून आमच्या शेजारी राहायचे. दिवसभर माणसं त्यांच्या दारात. जीव पार शिणून गेलेला. वैद्यबुवांनी आसगंधाची पूड दिली अन् बजावलं, "गरम दुधातून घ्या, वर घडीभर निवांत पडा." पण पेला हातात आला की कडी वाजायची. कारकून "आलो, आलो" करत उठायचे अन् दुधावर साय धरायची.

शेवटी त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, त्यांना दूध दिलं, बाहेरून कुलूप घातलं अन् माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. तेवढ्यात रिकामी घागर घेऊन एक म्हातारी आली. कुलूप बघून वळली, तर आतून आवाज, "मावशे, जाऊ नको! हाय मी घरात!"

मला हसू फुटलं. वहिनी किल्ली काढत म्हणाल्या, "बघा, कुलूप दाराला लावता येतं, ह्यांच्या तोंडाला न्हाई."

पुढं गल्लीत नळ आले. कडी वाजायची थांबली, पण तोवर कारकुनांनी अंथरूण धरलं होतं. आता दूध वेळेवर मिळायचं. तरी बाहेर कुठं घागर वाजली की पडल्या पडल्या म्हणायचे, "कोण हाय? आलो, आलो."