दाजींचा टंच

समस्त मानवजातीस कळवण्यात येते की, परग्रहावरील सजीवांना तिचा पहिला निरोप विट्यातल्या एका गच्चीवरून, मे महिन्यात, जेवणानंतर, तीन सेलच्या बॅटरीने धाडण्यात आला. धाडणारे माझे दाजी. शास्त्रीय मार्गदर्शन माझे. चूकही माझीच, पण ती पुढे.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. दक्षिणेतल्या एका शहरात त्यांचं गलाईचं दुकान होतं. सराफांचं जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं. त्या तेजाबाच्या धुराने त्यांची छाती कामातून गेली होती. मी साताऱ्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात विश्वाचं बघतो. विज्ञानात काठावर पास झालो असल्यामुळे कृष्णविवरावर बोलताना मला कधी संकोच वाटत नाही.

त्या सुट्टीत दाजी विट्याच्या घरी आले होते. मी सांगितलं, की सोनं पृथ्वीवर घडतच नाही, मेलेले तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा घडतं. सगळे हसले. दाजींनी बोटातली अंगठी काढून बराच वेळ पाहिली.

"मंग तिकडं कुनी आसंल, तर त्येलाबी सोनं ठावं आसंल की, मेव्हणं."

झालं. आम्ही गच्चीवर. मी दक्षिणेला खाली एक ठळक तारा दाखवला. हा मित्र, आपला सगळ्यात जवळचा शेजारी. उजेडाला जायला साडेचार वर्षं, यायला साडेचार.

"बॅटरीचा उजेड पोचंल?"

"पोचायचं माहीत नाही दाजी, पण इथनं निघेल नक्की."

मी सुचवलं, दोन, तीन, पाच, सात असं चमकवा. मूळ संख्या. शहाण्यांना कळतं.

"शाण्यास्नी कळंल. पर इस्वास बसंल का?" असं म्हणून त्यांनी बॅटरी नऊ वेळा चमकवली, थांबून नऊ वेळा, मग पाच वेळा. नव्याण्णव पूर्णांक पाच. सोनं परत देताना गलाईवाला शुद्धतेचा जो आकडा सांगतो, तो टंच. त्यावर अख्खा धंदा चालतो. पृथ्वीतर्फे दाजींनी टंच दिला होता.

तेजाबाचा धंदा सोडा, हे डॉक्टरांचं नेहमीचं सांगणं त्यांनी दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मानलं. दुकान पुतण्याच्या हाती दिलं, बहिणीला घेऊन विट्याला कायमचे आले. "नऊ वर्सं काडायची हायती," एवढंच कारण. दर रविवारी फोन यायचा. आधी खोकला, मग प्रश्न : "कुटवर गेला आसंल रं?"

तिसऱ्या मे महिन्यात मी त्याच गच्चीवर एकटाच उभा होतो. शेजाऱ्यांनी पाण्याची टाकी काढली होती, आणि तिच्या जागी एक जास्त ठळक तारा दिसत होता. खरा मित्र तो. टाकीमागे दडला होता. मी दाखवलेला त्याच्या शेजारचा, जवळजवळ चारशे वर्षांच्या वाटेवरचा.

खाली दाजी काढा पीत बसले होते. मी जिना उतरलो आणि सांगितलं नाही. आयुष्यभर नको तिथे बोललो, तिथे मात्र काढा कडू आहे का एवढंच विचारलं.

साडेचार वर्षं झाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. "पोचला." गल्लीत कुणाला काय पोचलं ते कळलं नाही. पेढे सगळ्यांनी खाल्ले.

सातव्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "कुटवर?"

"परत निघालाय, दाजी. निम्म्याच्या पुढं आलाय."

त्यांनी मान हलवली, मास्क पुन्हा लावला. दोन दिवसांनी गेले.

तेराव्याची भांडी घासून झाल्यावर मी बहिणीपाशी जाऊन बसलो. सगळं सांगितलं. टाकी, चुकीचा तारा, चारशे जायला नि चारशे यायला, आणि पाच वर्षं मी दाबून ठेवलेलं खोटं. रडेल, शिव्या घालेल, काहीही चाललं असतं. ती फळीवरची बॅटरी पदराने पुसत होती. पुसता पुसता एकदम म्हणाली,

"बरं झालं की मंग. दोन वर्सांनी उत्तर आलं आसतं, तर घ्याया कोन हाय रं हितं?"