वायफायवाले दादा आणि बदलणारा नंबर

आमच्या दापोडीत वायफायवाले दादा येतात ना, ते चप्पल दाराबाहेर काढतात आणि "होतंय ताई, होतंय" म्हणतच आत येतात, काही होत नसलं तरी. लाईट गेली की आमच्या नेटचा आयपी नंबर बदलतो, माझ्या मोबाईलमध्ये जुनाच असतो, मग कंपनीतून मला घरचा कॅमेरा दिसत नाही, जीव नुसता खालीवर होतो. काल दादा म्हणाले, "स्टॅटिक घ्या ताई, नंबर तोच राहील." मी घेतला, पण माझं लक्ष सासूबाईंकडे. दिवसभर बाळ त्यांच्यापाशी असतं, त्या नीट बघतात का ते बघायला मी कॅमेरा लावला आणि त्यांना सांगितलं, शोपीस आहे.

त्यांनी नेमकं दादांनाच विचारलं, "ह्या शोपीसला वायर कशाला रं?"

मी उगाच बाळाच्या दुपट्याची घडी घालायला लागले. दादांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"कॅमेरा आहे आजी. ताईंना कामावर बाळाची आठवण येते ना, म्हणून."

ते खरंच होतं, पण अर्धंच, आणि उरलेलं दादांना कळलं होतं. जाताना ते "होतंय" म्हणाले नाहीत.

आज चहाच्या सुट्टीत मोबाईल उघडला तर चित्र लगेच आलं. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या, बाळाचा हात धरून मला टाटा करत होत्या. मी मोबाईल पालथा ठेवला.