डाव्या हाताची मोटर

या जगात कुठलीही वस्तू सरळ दुकानात जाऊन घरी आणता येते, यावर माझ्या थोरल्या साडूंचा विश्वास नाही. साधा ट्यूबलाइटचा चोक आणायचा असला, तरी ते आधी भिसेगावातल्या सगळ्या शेजाऱ्यांना विचारतात, मग कर्जतच्या बाजारपेठेतली दुकाने पालथी घालतात, प्रत्येक दुकानदाराला दुसऱ्या दुकानदाराचे मत सांगून त्यांच्यात भांडण लावून देतात आणि शेवटी मला फोन करतात. मी दहिवलीला राहतो. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. बटण दाबले की दिवा लागतो, यापलीकडे मला विजेतले काही कळत नाही, आणि हे साडूंना पक्के ठाऊक आहे. तरी ते विचारतात. माझे मत शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि "बरं झालं मास्तर, म्हंजी हे घ्यायचं नाय," असे म्हणून फोन ठेवतात.

रसायनीच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीवर त्यांनी सगळी नोकरी काढली. तिथे काय काय पाहिले ते कधी सांगत नाहीत, पण तेव्हापासून त्यांच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो आणि पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी मीटर. कुणाच्या घरी गेले की आधी फ्रिजला पालथा हात लावून पाहतात, मग घरच्यांना नमस्कार करतात. आमच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टके सुरू व्हायच्या बेतात होती, तेवढ्यात हे मांडवाच्या लोखंडी खांबाला मीटर लावून ओरडले, "कुनी हात लावू नका, करंट हाय!" जनरेटर बंद झाला, बॅन्ड गप्प झाला, भटजी घड्याळाकडे आणि वरपक्ष आमच्याकडे बघत राहिला. खांबाला खरेच करंट होता. एक सोललेली वायर खांबाला टेकली होती आणि तिथेच शाळकरी मुलींचा घोळका उभा होता. वायर काढली, लग्न लागले, पण मुहूर्त टळला तो टळलाच. त्या व्याह्यांनी साडूंशी आजतागायत बोलणे टाकले आहे. साडूंना त्याचे काही नाही. "पोरी हसत घरी गेल्या ना?" एवढेच ते म्हणतात.

अशा माणसाने एक दिवस होडीला मोटर बसवायची ठरवली आणि माझ्या निवृत्तीतली शांतता संपली.

होडीचे कारण त्यांचे मित्र. कारखान्यात ते बॉयलरवर होते, म्हणून साडू त्यांना बॉयलर म्हणतात आणि मी बॉयलरवाले. खालापूरकडच्या एका गावात त्यांचे घर आणि थोडी भातशेती आहे. गावाला लागून तलाव आहे. नोकरीत असल्यापासून दर रविवारी हे दोघे कुणाची तरी जुनी होडी मागून घेत आणि तलावात मासे धरायला जात. साडूंच्या कंबरेला कायमचा पट्टा, त्यामुळे वल्ही बॉयलरवाल्यांच्या हातात आणि गळ साडूंच्या. साडूंना मासा कधी लागत नसे. बॉयलरवाले वल्ही मारता मारता त्यांना शिव्या देत आणि साडू त्या मन लावून ऐकत. दोघांच्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत याहून वेगळे काही घडल्याचे मला माहीत नाही.

मग बॉयलरवाल्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जीव वाचला, पण माणूस खाटेला लागला आणि छताकडे बघत पडून राहू लागला. डॉक्टरांनी सांगितले होते की हिंडवा-फिरवा, पण ते ओटीवरसुद्धा यायला तयार नसत. साडू दर रविवारी जायचे, खाटेशेजारी बसायचे आणि परत यायचे. "शिवी पन देत नाय हो मास्तर," ते एकदा मला म्हणाले. त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्जतजवळचे एक रिसॉर्ट बंद पडले आणि तिथली अल्युमिनियमची छोटी होडी भंगारात निघाली, ती साडूंनी टेंपोत घालून घरी आणली. अंगणात जागा नव्हती म्हणून तुळशीवृंदावन सरकवावे लागले. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती दारात येऊन म्हणाली, "आता हिच्यात बसून स्टेशनला जानार काय?" साडू म्हणाले, "बॉयलरला वल्हवता येत नाय. मला वल्हवता येत नाय. मग मोटर नको?"

मोटर म्हणजे होडीच्या पाठीमागच्या फळीला अडकवायची, बॅटरीवर चालणारी, बिनआवाजाची छोटी मोटर. खाली पाण्यात पंखा आणि वर धरायला दांडा. दांडा वळवला की होडी वळते, त्याची मूठ पिळली की वेग कमी-जास्त होतो. ही इकडच्या बाजारात मिळत नाही, त्यामुळे साडूंनी फोन करायला सुरुवात केली. ते थेट मुंबईच्या दुकानांशी बोलू लागले आणि बोलून झाले की मला सांगू लागले. या मोटरींचा जोर पौंडात मोजतात. कुणी म्हणे तीस पौंडांची पुरे, कुणी म्हणे पंचावन्नच घ्या. छोटीला ओढणार नाही अशी भीती, मोठी बॅटरी पिऊन टाकील ही दुसरी भीती. या दोन भीतींच्या मध्ये मी पहाटेच्या फोनवर कितीतरी दिवस उभा होतो. मग पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या नळीची लांबी. पंखा पाण्याखाली किती जाईल हे होडी किती बुडते यावर, आणि होडी किती बुडते हे बसणाऱ्याच्या वजनावर. बॉयलरवाले तर खाटेवरून हलायला तयार नाहीत. साडूंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमी त्याच्याच वजनाचे, मास्तर." झाले. होडी तलावावर गेली, मी तिच्यात बसलो, आणि साडू गुडघाभर पाण्यात उभे राहून खडूने खुणा करत राहिले. शिकवणे, मुलांवर ओरडणे, पेपर तपासणे या सगळ्याने मी आयुष्यात जेवढा दमलो नव्हतो, तेवढा त्या सकाळी नुसता बसून दमलो.

पण खरी अडचण मुठीची होती. बॉयलरवाल्यांचा डावाच हात चालतो. ती मूठ डाव्या हाताने पिळता येईल का, आणि दांडा त्याच हाताने वळवता येईल का, हे कुठलाही दुकानदार सांगू शकेना. साडूंनी मग स्वतःचा उजवा हात टॉवेलने कमरेला बांधून घेतला आणि तसेच हिंडायला लागले. डाव्या हाताने जेवले, डाव्या हाताने दाढी केली, गालावर कापून घेतले. घरी आलेल्या एका पाहुण्याला डाव्या हातानेच चहा पुढे केला. तो बिचारा कप घ्यावा की न घ्यावा या विचारात चहा निवेपर्यंत बसून राहिला. ताईने माझ्या बायकोला फोन करून सांगितले, "ह्यांनापन झटका आला का गं?" शेवटी साडू लोकलने मुंबईला गेले, हात तसाच बांधलेला, आणि दुकानातल्या प्रत्येक मोटरीची मूठ डाव्या हाताने पिळून बघितली. विक्रेता कंटाळून "काका, सगळ्या सारख्याच आहेत," असे म्हणत राहिला. त्याचे साडूंनी मन लावून ऐकले आणि सर्वांत हलकी पिळता येणारी मधल्या जोराची मोटर उचलली.

बॅटरीसाठी आधी त्यांनी घरच्या इन्व्हर्टरची काढून नेली. ताईने एक दिवस पंख्याविना काढला आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी परत जागेवर आणवली. मग ई-रिक्षाची बॅटरी आली, कारण ती हळूहळू खूप वेळ वीज देते. मग वायर. त्यात साडू खुलले. अल्युमिनियमच्या होडीत वायर कुठेही पत्र्याला लागता कामा नये, लागली तर वीज पाण्यात झिरपते आणि पत्रा आतून खाल्ला जातो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितले की मी झोपेतही सांगीन. जाड तांब्याची वायर त्यांनी बागेच्या पाइपातून ओवून घेतली. बॅटरी प्लास्टिकच्या खोक्यात घालून पुढच्या टोकाला बांधली, म्हणजे मागे माणूस बसला तरी नाक वर यायचे नाही. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज बसवला. मग त्या फ्यूजचे काही झाले तर म्हणून एक स्विच बसवला, आणि त्या स्विचवर पाणी उडू नये म्हणून श्रीखंडाचा डबा उपडा ठोकला.

बॉयलरवाल्यांना तलावावर आणायचे कसे, हा प्रश्न त्यांच्या बायकोने सोडवला. वहिनी आधीच बारीक, त्या वर्षात आणखी वाळल्या होत्या. "कुनी इचारू नका त्यांना," त्या म्हणाल्या. "सरळ उचला." थंडीतल्या एका सकाळी आम्ही त्यांना खुर्चीसकट टेंपोत चढवले आणि तलावाच्या काठी आणून ठेवले. ते आमच्याकडे न बघता मान फिरवून बसले.

लाइफ जॅकेट घालून मी होडीत बसलो, पुन्हा वजन म्हणूनच. साडू मोटरीशी. बॉयलरवाले समोर आहेत या एकाच गोष्टीने ते गडबडले होते. त्यांनी घाईने बॅटरीच्या वायरी जोडल्या आणि मला वाटते आयुष्यात पहिल्यांदाच मीटर न लावता स्विच दाबला. मूठ पिळली. होडी पुढे जायच्या ऐवजी मागे निघाली. साडूंनी घाबरून आणखी पिळली, तशी ती आणखी जोरात मागे निघाली आणि काठाशी डुंबत असलेल्या म्हशींमध्ये जाऊन घुसली. एका म्हशीने मान उचलून माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत जो कंटाळा होता तो माझ्याही मनात होता.

काठावरून एक विचित्र घरघर ऐकू आली. बॉयलरवाले हसत होते. अर्धाच चेहरा हसत होता, पण पोट धरून, खुर्ची हलेपर्यंत. "उ... उलटी," ते म्हणाले, जीभ वळेना, मग एकदम स्पष्ट आले, "उलटी जोडली रं, गाढवा!"

लाल वायरीच्या जागी काळी गेली होती. साडू होडीत तसेच बसून राहिले. शिवी ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितले.

वायरी अदलाबदल करून होईपर्यंत काठावरून हुकूम आला. "ऊठ. तुला नाय... जमायचं. मला बसव." म्हशी हाकणारा माणूस, मी, साडू आणि वहिनी अशा चौघांनी त्यांना उचलून मागच्या फळीवर बसवले, जॅकेट बांधले, पाठीला गोधडी लावली. त्यांनी डाव्या हातात मूठ घेतली, जरा पिळून बघितली, आणि होडी आवाज न करता पाण्यावरून निघाली. पुढे साडू गळ घेऊन बसले होते. बरेच दूर जाईपर्यंत शिव्या ऐकू येत होत्या.

काठावर वहिनी आणि मी उरलो. त्यांनी करंजाच्या सावलीत चटई टाकली, थर्मासमधला चहा मला दिला आणि होडी वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

"मास्तर, आवाज येतोय का हो?" त्यांनी मध्येच विचारले.

"त्या मोटरीला आवाज नसतो, वहिनी."

"मोटरीचा नाय. ह्यांच्या हाकेचा. सारखी हाक आल्यावानी वाटतं. रातीपन वाटतं." मग त्यांनी हात मांडीवर उलटे करून ठेवले आणि त्या रिकाम्या हातांकडे बघितले. "आता काय करू ते समजत नाय. जरा आडवी होते." डोके टेकले न टेकले तोच त्यांना झोप लागली. वर्षभराची झोप एकदम आल्यासारखी, तोंड किंचित उघडे, पायातल्या चपलाही तशाच.

बऱ्याच वेळाने होडी परत आली. बॅटरी अर्ध्याच्या खाली न्यायची नाही, गेली की ती मेली, असे साडूंनी सकाळीच आम्हा सर्वांना बजावले होते, आणि आता ते बॅटरीला लावलेल्या मीटरकडे बघत, हात हलवत मला हाक मारणार होते. मी ओठांवर बोट ठेवले आणि चटईकडे दाखवले. बॉयलरवाले आपल्या बायकोकडे बघत राहिले. त्या त्यांना इतक्या लांबून, झोपलेल्या, बहुधा कितीतरी दिवसांनी दिसत होत्या. मग त्यांनी साडूंकडे पाहिले.

साडूंनी मीटरवर हात ठेवून तो झाकला.

बॉयलरवाल्यांनी डाव्या हाताने दांडा हळूच वळवला. होडी काठाजवळून फिरली आणि पुन्हा तलावाच्या मध्याकडे निघाली. मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि वहिनींच्या तोंडावरच्या माश्या वारत बसलो.