गुरुजींना कसं कळायचं

चेन्नईत मी सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीवर आले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि नीट लिहून काढायच्या, हे माझं काम. तमिळ येत नव्हतं, संध्याकाळी बोलायला कुणी नसायचं. ऑफिसातल्या एका मराठी बाईंनी अड्यार भागातल्या एका सत्संगाला नेलं. तिथे मराठीतून गप्पा होत्या आणि शेवटी खिचडी होती. मी सहा वर्षं जात राहिले.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे ताई म्हणायचो. माझी शिस्त बघून त्यांनी मला संपर्कसेवा दिली. संस्थेचे गुरुजी वर्षातून दोनदा यायचे. त्याआधी नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला फोन करायचा, खुर्ची क्रमांक सांगायचा आणि जाता जाता विचारायचं, "घरी सगळं ठीक ना?" एवढ्याशा प्रश्नावर लोक काय काय सांगतात! कुणाच्या मुलीचा घटस्फोट, कुणाच्या भावाने बोलणं टाकलेलं. मी ते दोन ओळींत चिठ्ठीवर लिहायचे, वर खुर्चीचा क्रमांक टाकायचे आणि एक प्रत माझ्या वहीत ठेवायचे. चिठ्ठ्या वाचून गुरुजी एकेकासाठी प्रार्थना करतात, असं ताईंनी सांगितलं होतं.

कार्यक्रमात गुरुजी डोळे मिटून बसायचे आणि मग एकदम तिसऱ्या रांगेकडे बोट करायचे. "भाऊ बोलत नाही ना?" तिसऱ्या रांगेत हुंदका फुटायचा. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. ते वाक्य मंगळवारी मीच लिहिलेलं असायचं, तरी यायचं.

एकदा एका बाईंच्या पुढे खांब आला म्हणून त्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर सरकल्या. ती खुर्ची ज्यांची होती ते गृहस्थ आले नव्हते. त्यांची आई नुकतीच वारली होती. गुरुजींनी बाईंकडे बोट केलं. "आईसाठी रडू नकोस. ती आता देहात नाही, पण तुझ्याकडेच बघते आहे."

बाई तांबरमच्या एका शाळेत शिकवायच्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"मी निघाले तेव्हा अम्मा डोसे घालत होती. मग गुरुजी असं का म्हणाले? किती दिवस राहिले तिचे?"

त्यांनी आईला दवाखान्यात नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही, त्याने त्या जास्तच घाबरल्या. लेक एवढी का घाबरली हे आईने काढून घेतलं आणि तिने अंथरूण धरलं. जेवण सोडलं.

मी ताईंकडे गेले. खुर्ची बदलल्याचं सांगितलं.

"गुरुजींची चूक होत नसते," ताई म्हणाल्या. "काळ थोडा पुढेमागे असतो."

"म्हणजे त्यांची आई जाणार?"

"सगळेच जाणार आहेत."

ऑफिसात अशा उत्तराला आम्ही 'प्रणाली अपेक्षेप्रमाणे चालू आहे' असं लिहितो.

शनिवारी मी लोकल पकडून तांबरमला गेले. बरोबर खुर्च्यांचा तक्ता होता. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी घडी घातलेलं रेशमी लुगडं होतं, ते कशासाठी हे मला विचारावं लागलं नाही. मी पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. फोन, चिठ्ठ्या, खांब. माझं साताऱ्याकडचं मराठी आईला सगळं कळत नव्हतं, म्हणून बाई मध्ये मध्ये तिला तमिळमध्ये समजावत होत्या.

आई वळली. "म्हणजे मी मरत नाही?"

"निदान गुरुजींच्या सांगण्यावरून तरी नाही."

तिने थोडा विचार केला. "सेरी," ती म्हणाली. बरं, या अर्थी. मग लेकीला म्हणाली, "रसम कर."

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "माझ्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

"शाळेतल्या मोठ्या बाई छळतात. रडू येतं."

"हे मी तुम्हाला सांगितलं होतं. गुरुजींना नव्हे."

"हो," मी म्हणाले. मला रसम मिळालं, पण वाढून त्या लगेच आत गेल्या.

त्या आठवड्यात मी संस्था सोडली आणि फोनवर एक व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला. पहिलंच वाक्य होतं, "चिठ्ठ्या मी लिहायचे." ताईंचा निरोप आला की केंद्रात माझ्यासाठी जप चालू आहे. साताऱ्याहून माझ्या आईचा फोन आला. तिला या मार्गाला मीच लावलं होतं. "चिठ्ठी तू लिहायचीस, मान्य," ती म्हणाली, "पण लिहायची बुद्धी तुला कोण द्यायचं?" ती अजून सत्संगाला जाते.

अनोळखी लोकांचेही निरोप आले. बहुतेकांना एकच विचारायचं होतं. एका गृहस्थांनी आपला खुर्ची क्रमांक कळवला आणि विचारलं, बायको गेल्यावर गुरुजींनी जे सांगितलं, तेही तुमचंच का? मी वहीत पाहिलं. माझंच होतं. तसं कळवलं. त्यांनी फक्त उंचावलेला अंगठा पाठवला.

मग अड्यारच्या एका वाचनालयाने बोलायला बोलावलं. ऐकायला तीसेक माणसं, बरीचशी तमिळ. माझं तमिळ अजूनही भाजीवाल्यापुरतंच होतं. भाषांतराला कुणी मिळेना, तेव्हा मी तांबरमच्या बाईंना भीत भीत विचारलं. त्या आल्या. माझ्याकडे न बघता शेजारी उभ्या राहिल्या आणि वर्गात शिकवावं तसं एकेक वाक्य तमिळमध्ये सांगत गेल्या.

एका ठिकाणी मी म्हणाले, "हे सगळं कशासाठी चाललंय हे मला माहीत नव्हतं."

त्या थांबल्या. लोक वाट बघत होते.

"हे मी असं सांगणार नाही," त्या मला मराठीत म्हणाल्या. "तुम्हाला थोडं माहीत होतं."

मी म्हणाले, "थोडं माहीत होतं."

ते त्यांनी सांगितलं.