कराळमेघाला मी मारले

गुरुजींची आणि माझी पहिली भेट आमगावच्या शाळेच्या ओसरीवर झाली. नागपुरास नॉर्मल स्कूलची परीक्षा देऊन मी दुय्यम शिक्षक म्हणून रुजू होत होतो. हातात नेमणुकीचा कागद, अंगात नवा कोट आणि डोक्यात भलतीच ऐट. माधवराव गुरुजींनी माझे नावगाव विचारण्याआधीच विचारले, "मास्तर, राक्षसाला राग आला तर तो आधी काय करील?" मी गांगरून म्हणालो, "ओरडेल." "छे, छे! तो हेडमास्तर झाला. राक्षस आधी गप्प बसतो," असे म्हणून त्यांनी ते मांडीवरच्या वहीत टिपून घेतले. शाळेचे हेडमास्तर तेच आहेत, हे मला दुपारी कळले.

'सात तळ्यांचे राज्य' या त्यांच्या अद्भुत कादंबरीचा पहिला भाग तेव्हा लिहून होत आला होता. प्रत्येक पात्राची वही वेगळी, ही गुरुजींची पद्धत. राजकन्या मृगावलीची एक, सात तळ्यांचे पाणी अडवून बसलेल्या कराळमेघ राक्षसाची एक. वहीत तीनच रकाने: काल कसा होता, आज कसा आहे, उद्या कसा होईल. हे रकाने ते एकटे भरत नसत. शाळा सुटली की धानाच्या बांधीवर, भातखाचराच्या कडेला, जाऊन बसत आणि शेतकऱ्यांना विचारीत. सोमाजी नावाचे वृद्ध शेतकरी एकदा त्यांना म्हणाले, "राक्षस झाला म्हून का झालं जी? पानी राखून राहिला होता तो. राखनदारालेच चोर म्हनता?" गुरुजी त्या आनंदात जेवायचेही विसरले. कराळमेघाचा 'उद्या' त्यांना सापडला होता. दुसऱ्या भागात हाच राक्षस आपल्या हातांनी गावोगाव पाणी वाटणार होता. म्हणून पहिल्या भागाच्या शेवटी तो जखमी होऊन डोंगरात निघून जातो, एवढेच लिहून त्यांनी लेखणी खाली ठेवली.

छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर बरे. शेवटच्या पानाशी मी अडलो. मी मुर्रीचा. आमच्या गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, राक्षस पडल्याशिवाय आरती होत नसे. तो जिवंत असताना खेळ आटोपला तर म्हातारी माणसे अपशकुन झाला म्हणत. गुरुजी हिवतापाने अंथरुणावर होते. तापाच्या भरात शेवट राहून गेला असेल, असे मी ठरवून टाकले आणि तीन ओळी घातल्या. मृगावलीने भाला फेकला, कराळमेघ कोसळला, लोकांनी जयजयकार केला. खरे सांगू? तापाची सबब निम्मी, आपले वाक्य छापून यावे ही हाव निम्मी. गुरुजींचे घर चार घरे पलीकडे होते. विचारायला तेवढेही चाललो नाही. बाड टपालाने नागपूरला गेले.

पुस्तक छापून आले तेव्हा गुरुजींनी आधी शेवटचे पान उघडले. वाचले, मिटले आणि गप्प बसले. राक्षसाच्या रागाबद्दलचे त्यांचे पहिल्या भेटीतले म्हणणे किती खरे होते ते मला तेव्हा कळले. पुढे वाचकांची पत्रे आली, राक्षसवधाची तारीफ झाली. सोमाजी मात्र शाळेत येऊन उभे राहिले. "मारून काऊन टाकला जी त्याले? त्याले अजून बोलाचं होतं ना!" गुरुजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चुकलं माझं, सोमाजी." मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. मूग गिळून बसलो. अरे, तोंड होते ना मला!

वाटले होते, आता हा माणूस आपल्याशी बोलायचा नाही. पण माझी पत्नी बाळंतपणात अत्यवस्थ झाली तेव्हा गोंदियाला जाऊन डॉक्टरांना घेऊन येणारे गुरुजीच होते. आज घरी आई आणि मूल दोघेही सुखरूप आहेत. असे काही करून ते मला लाजवीत होते असे कोणी म्हणेल, पण त्यांच्या मनात तसले काही नव्हते. लाजत होतो तो माझा मीच.

दुसऱ्या आवृत्तीत ओळी काढा, असे मी एकदा धीर करून म्हणालो. गुरुजी म्हणाले, "लोकांनी त्याला मेलेला पाहिला मास्तर. आता उठवला तर ती फसवणूक." आणि मेलेल्या नायकाचा दुसरा भाग ते लिहीत बसले. कराळमेघाचा 'उद्या' त्यांनी आधी त्याच्या बहिणीला देऊन पाहिला. तिला तो पेलला नाही. सेनापतीला दिला, तो नुसता उपदेश करू लागला. किती प्रकरणे लिहिली आणि चुलीत घातली, ते त्यांच्या घरी विचारा. शेवटी मृगावलीच उरली. पाण्यासाठी लढलेली ही मुलगी हळूहळू स्वतःच तळी अडवून बसते, इथवर त्यांनी आणले. तिथे गाडे रुतले, ते कित्येक वर्षे. महायुद्धात कागद मिळेना म्हणून दुसरा भाग लांबला, असे लोक समजतात. कागद घरात पडून होता.

गुरुजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायचे म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. दृष्टी अधू झाली आहे, हात थरथरतो. मृगावलीची वही पुढ्यात होती, तिचा 'काल' कोरा होता. गुरुजी म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं विचारीन म्हणून राहून गेलं. तिनं भाला काऊन फेकला? मला ठाऊक नाही. मी फेकायला लावलाच नव्हता. तुम्हाला ठाऊक असेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. म्हणालो, "लोक वाट पाहत होते गुरुजी. आणि तिला वाहवा पाहिजे होती."

"हं." त्यांनी लिहून घेतले. "मग पस्तावली का?"

"रोज."

तेही त्यांनी लिहून घेतले आणि त्याच बैठकीत पुढच्या प्रकरणाला हात घातला.

संपादकांनी माझ्याकडे गुरुजींचे गुण मागितले होते. मी माझा अपराध लिहून पाठवीत आहे, कारण त्यांची थोरवी मला त्यात दिसली तेवढी आणखी कुठे दिसली नाही. सोमाजी आज असते तर हे आधी त्यांच्यापाशी कबूल केले असते. साठाव्या वर्षी गुरुजींना परमेश्वराने उदंड आयुष्य द्यावे, हिवतापाने पुन्हा त्यांच्या दाराशी फिरकू नये, दुसरा भाग संपेपर्यंत नजर आणि हात टिकावा, आणि नंतरही टिकावा. स्वच्छ प्रत दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, असे मी विनवले, पण त्यांनी ती मलाच सांगितली आहे. त्यांचा शब्द न् शब्द तसाच उतरवीन. माझा म्हणून त्यात एकच शब्द असेल, 'रोज', आणि तो त्यांनी मागून घेतला आहे.